गळ्यावर ठेवलेला हात

गामगोल गावाच्या डोक्यावर एक पडका किल्ला आहे. पाहुणे येतात ते तो बघायला. चढून चढून दम लागला, की वर बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही हे कळतं, आणि मग उतरताना मंडळी पायथ्याच्या गोल मैदानापाशी टेकतात. मैदान काही मोठं नाही. कडेला एक लांबट, सपाट धोंडा आहे, चार-पाच माणसं बसतील एवढा. कोरियाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत अशी मैदानं आणि असे धोंडे गावोगाव सापडतील.

पण शरदात, गाम नावाच्या झाडांची केशरी फळं पिकायला लागली, की इथल्या तालमीत नवी मुलं घेतात. नेमका त्या दिवशी आलेला पाहुणा हादरून जातो. आई मुलाला मांडीशी घेऊन धोंड्यावर बसते. वस्ताद समोर येऊन गुडघे टेकतो. आई त्याचा उजवा हात धरते आणि आपल्याच पोराच्या गळ्यावर ठेवते. नुसता ठेवत नाही, वरून दाबतेही. एका वर्षी परगावची कुणी बाई किंचाळत धावली आणि तिने पोराला ओढूनच घेतलं. पोरगा उलट तिच्यावर चिडला.

किल्ल्याच्या दाराशी नो आजोबा बसलेले असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट दाखवणं हे त्यांचं काम, आणि गोष्ट सांगणं हा हक्क. घाबरलेल्या पाहुण्याला ते म्हणतात, "आधी खाली बसा. ऐकून झाल्यावर ओरडावंसं वाटलं तर खुशाल ओरडा." मग ते सांगू लागतात. आपण हे पाहिलेलं नाही, आजाकडून ऐकलेलं आहे, हे ते मधूनमधून बजावतात, कारण खोटं बोलल्याचा आळ त्यांना चालत नाही.

गोर्यो राजांच्या काळातली, म्हणजे आठ-नऊशे वर्षांमागची गोष्ट. तेव्हा किल्ला नांदता होता, म्हणे. शिपाई भाला चालवत, धनुष्य चालवत, पण त्यांची खरी पारख व्हायची सुबाकमध्ये. सुबाक म्हणजे मोकळ्या हातांची झुंज. तिच्यात जो उजवा ठरे तो वर चढे, आणि नशीब जोरावर असेल तर थेट राजधानीत राजाच्या पहाऱ्यावर जाई. त्यामुळे ह्या मैदानावर उजाडल्यापासून तळव्यांचे आवाज चालत, आणि गावातल्या बायका त्या आवाजावर चुली पेटवत.

तालमीचा वस्ताद गो नावाचा एक म्हातारा होता. त्याची शिकवायची रीत वेगळी होती. तो प्रत्येक शिपायाला एक जोडीदार लावून देई, आणि ती जोड वर्षानुवर्षं मोडत नसे. जोडीला तो सगळ्यात आधी शिकवी तो पोकळ हात. तळवा ओंजळीसारखा वाकवायचा आणि मारायचा. आवाज असा येतो की बघणाऱ्याने डोळे मिटावेत, पण लागत काही नाही. मार खाणाऱ्याचीही एक रीत होती. हात आला की मागे सरायचं नाही, उलट त्याच्यात शिरायचं. समोरच्याचा हात वेग घेण्याआधीच आपण त्याला जाऊन भिडलो, तर त्यातला जोर जिरतो. सांगायला सोपं आहे. अंगावर येणाऱ्या हातात गळा घालायला माणसाला किती भरवसा लागत असेल, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

ह्या तालमीत सोकबो आणि चाडोल अशी एक जोड होती. सोकबो मोठ्या अंगाचा आणि छोट्या काळजाचा. लहानपणी तो कोंबड्याला भ्यायचा, असं गावातले लोक अजूनही हसून सांगतात, जणू काही कालच पाहिलंय. चाडोल अंगाने काटकुळा, तोंडाने बडबड्या, आणि भीती कशाशी खातात हे न कळणारा. एकमेकांचे हात अंगावर झेलता झेलता दोघांची अशी मैत्री जमली, की सोकबोने आपली धाकटी बहीण बुनी चाडोललाच दिली. गोष्ट घडली तेव्हा बुनीचे दिवस भरत आले होते.

त्या शरदात किल्ल्यावर एक बातमी आली. राजधानीतून एक बडा अंमलदार निघाला होता आणि किल्ले तपासत येत होता. त्याचं नाव गामगोलात कुणी घेत नाही. विचारलं तर नो आजोबासुद्धा मान फिरवतात. हा अंमलदार लेखणीचा माणूस. हातात कधी भाला धरलेला नाही, पण शिपायांची झुंज बघायची त्याला भारी हौस. त्याचं म्हणणं असं, की शांततेच्या दिवसांत शिपाई नाचे झालेत, सुबाकच्या नावाखाली टाळ्या वाजवतात. म्हणून तो प्रत्येक किल्ल्यावर एक जोड निवडायचा आणि सांगायचा, झुंज खरी झाली पाहिजे. खरी म्हणजे, एकाने उठता कामा नये.

शेजारच्या किल्ल्यावरून धान्याची गाडी घेऊन आलेल्या गाडीवानाने हे सांगितलं. तिकडे काय झालं ते लोकांनी विचारलं. तो नुसता बैलांच्या मानेवरून हात फिरवत राहिला. त्या दिवसापासून किल्ल्यावर कुणी मोठ्याने हसलं नाही. डोंगराच्या वाटेवर घोड्याच्या गळ्यातली घंटा वाजली, की माणसं हातातलं काम टाकून उभी राहत. सोकबो ताट तसंच सरकवून उठे. आपलीच जोड निवडली जाणार, हे त्याला आधीच कळून चुकलं होतं, आणि तसंच झालं. अंमलदाराच्या पुढे आलेल्या स्वाराने तालमीतली सगळ्यात जुनी जोड कोणती म्हणून विचारलं. किल्लेदाराला खोटं बोलायचं धैर्य झालं नाही.

गो वस्तादाने दोघांना आणि बुनीला आपल्या झोपडीत बोलावलं. बाहेर कुणीतरी धान्य कांडत होतं, त्या आवाजाच्या आडोशाने तो बोलला. बेत साधा होता. सोकबोने चाडोलच्या गळ्यावर पोकळ हात मारायचा. चाडोलने पडायचं आणि श्वास दाबून निपचित राहायचं. मेलेल्याला तालमीच्या मागच्या दाराने बाहेर नेतात. तिथून चाडोल डोंगर ओलांडून जाईल, आणि मूल झाल्यावर बुनी हळूच त्याच्यामागे जाईल. गामगोलला मात्र दोघं कायमची अंतरतील.

"जीव तर राहील," वस्ताद म्हणाला. "गाव काय, कुठेही मिळतं."

चाडोल हसला. म्हणाला, "मरायची सवय करून घेतो. ही म्हणतेच, मी निजलो की प्रेतासारखा पडतो."

बुनी हसली नाही. तिने भावाचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "ओराबी," ती म्हणाली. तिकडे बहिणी दादाला ओराबी म्हणत. "मला बाकी काही समजत नाही. माझ्या पोराचा बाप तुझ्या ह्या हातात आहे."

सोकबो म्हणाला, "हा हात मी आयुष्यभर त्याच्यावरच तर मारलाय." त्याला वाटलं आपण धीर देतोय, पण बुनीने त्याचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुंज ठरली. रात्रीतून पहिलं दहिवर पडून गोठलं होतं आणि मैदानाची माती कडक झाली होती. सगळे शिपाई गोल करून उभे होते. बायकांनी त्या धोंड्यापाशी गर्दी केली होती. बुनी मध्ये बसली होती. अंमलदार छत्रीखाली बसून भाजलेले चेस्टनट सोलत होता. त्याचा आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढे वाकावं लागे.

त्याने एक परात आणवली. परातीत पाण्यात कालवलेला गेरू होता. "दोघांनी तळहात बुडवा," तो म्हणाला. शिपायांना काही उमगेना. मग त्याने स्वतःच समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. खऱ्या हाताचा ठसा भरीव उठतो. पोकळ हाताची नुसती कड उठते, मधलं कोरडं राहतं. "मागच्या किल्ल्यांवर मी फार फसलो. आता फसणार नाही."

गो वस्तादाने डोळे मिटून घेतले, म्हणे. आणि तेवढ्यात तबेल्यातून दोघांनी कडबा कापायचं मोठं पातं उचलून आणलं आणि मैदानाच्या कडेला मांडलं. पात्याला कडब्याच्या काड्या अजून चिकटलेल्या होत्या. ज्याचा हात खोटा निघेल, त्याचे दोन्ही हात मनगटापासून जातील, असं अंमलदाराने सांगितलं आणि पुढचा चेस्टनट सोलायला घेतला.

झुंज सुरू झाली. चाडोलने आपल्या सफाईने दोनदा सोकबोच्या खांद्याला चाटून हात काढला. सोकबोने एक हात मारला. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. अंमलदाराने बोट वर केलं. एक चाकर धावला, चाडोलच्या छातीवरचं पांढरं कापड त्याने ताणून धरलं. लाल कड, आणि मधोमध अंगठ्याएवढी पांढरी जागा. बायकांमध्ये कुणाचा तरी हुंदका फुटला.

"हात घाईत पडला असेल," अंमलदार मऊपणे म्हणाला. "हा सोडला. पुढचा सोडणार नाही."

सोकबोला दरदरून घाम फुटला. त्याला मैदान दिसेना, माणसं दिसेनात. दिसत होतं ते एकच, कडेचं ते पातं. हात तुटलेला माणूस त्याने पाहिला होता. लढाईतून परत आलेला एक म्हातारा गावात होता, बायको त्याला घास भरवायची आणि पोरं त्याची नक्कल करायची. सोकबोच्या मनात आलं, आपल्याला घास कोण भरवणार.

तेवढ्यात चाडोल त्याला येऊन भिडला. दोघांच्या माना एकमेकांच्या खांद्यावर आल्या. बाहेरून बघणाऱ्याला ती झोंबी वाटली. पण तालमीत कुणालाच सुचलं नाही ते चाडोलला सुचलं होतं. थोरल्या भावाला म्हणतात तशी ह्योंग अशी हाक मारून त्याने कानात सांगितलं, "ह्योंग, हात पोकळच ठेव. मी नेहमीपेक्षा जास्त आत येतो. माझ्या मानेनेच तुझा तळवा सपाट होईल. ठसा भरीव उठेल आणि मला लागणारही नाही. फक्त तू जोर लावू नकोस." आणि तो मागे सरला. जीव पणाला लागलेला असताना त्याच्या तोंडावर हसू होतं, असं सांगतात.

बेत अचूक होता. वस्तादाला कळलं असतं तर त्याने कपाळ बडवून घेतलं असतं, कारण त्याने शिकवलेल्या दोन गोष्टींतूनच तो निघाला होता. सोकबोने नुसतं नेहमीसारखं वागायचं होतं.

इथे नो आजोबा थांबतात. गामगोलात ह्यापुढचं दोन प्रकारे सांगतात. काही म्हणतात, शब्द सोकबोच्या कानावर पडले, पण भीतीच्या गोंगाटात त्याला त्यांचा अर्थ लागलाच नाही. काही म्हणतात, अर्थ लागला, पण त्याचा भरवसा बसला नाही. थोडी जरी पांढरी जागा राहिली तर? नो आजोबांना दुसरं खरं वाटतं. ते म्हणतात, अर्थ न लागलेला माणूस नंतर एवढा तडफडत नाही.

चाडोलने ठरल्याप्रमाणे दोनदा जोराने श्वास सोडला. ही खूण होती. सोकबोचा हात उठला. तो वर असतानाच सोकबोची नजर एकदा पात्याकडे गेली, आणि खाली येताना तळवा आपोआप ताठ झाला. चाडोलला तो दिसला असणार. मागे व्हायला वेळही होता. पण इतक्या वर्षांची तालीम होती. तो आत शिरला, नेहमीपेक्षा जास्त, सगळं अंग टाकून. खरा हात आणि त्यात स्वतःहून घातलेला गळा. आवाज फारसा झाला नाही. पोकळ हाताचाच आवाज मोठा असतो.

चाडोल पडला आणि निपचित राहिला. आजूबाजूच्या शिपायांना वाटलं, काय सुंदर सोंग करतोय. बुनीलाही तेच वाटलं. मागच्या दारापर्यंत ती बाहीआड तोंड लपवून, खोटं रडत त्याच्यामागे गेली. तिथे तिने त्याला हाक मारली. मग पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज बदलला, आणि मैदानात उभ्या असलेल्या सोकबोने तो ऐकला.

अंमलदाराने ठसा तपासला. भरीव होता. तो खूश झाला आणि सोकबोला राजाच्या पहाऱ्यावर घेऊन गेला.

राजधानीत सोकबोला लोखंडी पट्ट्यांचं चिलखत मिळालं, घोडा मिळाला. तिथेही रोज सुबाक चाले. पण समोर कुणीही उभा राहिला, की सोकबोला वाटे, हा आता आत शिरणार. तो हात मागे घेई आणि मार खाई. हळूहळू लोक त्याला हसू लागले, मग टाळू लागले. गेरू तर कधीच धुऊन गेला होता, तरी जेवताना तो उजवा हात बाहीत ठेवी आणि डाव्याने खाई. हात वाचवले होते खरे, पण त्यातला एक त्याला नकोसा झाला होता. काही वर्षांनी एका सकाळी तो पहारा सोडून निघाला आणि चालत गामगोलला आला. पळालेल्या शिपायाला पकडलं तर गर्दन मारत. त्याला आता त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला भीती होती ती फक्त बुनीच्या दाराची.

बुनी मैदानाच्या कडेला धोंड्यावर धान्य वाळत घालत होती. तिच्याजवळ एक पोरगा खेळत होता. बापासारखाच काटकुळा. सोकबो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. चाडोल कानात काय म्हणाला तेही सांगितलं, जे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मग उजवा हात धोंड्यावर ठेवून म्हणाला, "कुऱ्हाड आण. हा हात तुझा आहे."

बुनी धोंड्यावरचं धान्य हाताने पसरत राहिली.

"तो आत आला होता?" शेवटी तिने विचारलं.

"आला. सगळा आला."

ती उठली तेव्हा सोकबोला वाटलं, कुऱ्हाड आणायलाच चालली. ती पोराला घेऊन आली. मांडीशी घेऊन धोंड्यावर बसली. सोकबोचा हात तिने उचलला आणि पोराच्या गळ्यावर ठेवला.

सोकबोच्या अंगावर काटा आला. मैदानावर पातं पाहून तो इतका भ्याला नव्हता. हात काढून घ्यायला तो धडपडला, पण तिने मनगट सोडलं नाही. त्याचा तळवा आपोआप पोकळ झाला, त्या कोवळ्या गळ्याला नुसती कड टेकेल इतका. बुनीने वरून आपला हात ठेवला आणि दाबत गेली, दाबत गेली, मधली ती पोकळ जागा भरून तळवा सपाट टेकेपर्यंत. पोरगा घाबरला नाही. आई जवळ होती. त्याला गंमत वाटली आणि तो हसून आणखी पुढे वाकला. सोकबोच्या तळव्याखाली त्याच्या घशातलं हसू थरथरलं, आणि तो मोठा माणूस ओक्साबोक्शी रडू लागला.

"मी तुला माफ केलेलं नाही," बुनी म्हणाली. "करणारही नाही. पण शिपायाचं पोर आहे हे. मोठा झाला की किल्ल्यावर नेतीलच. तिथे त्याच्यासमोर कुणी ना कुणी तुझ्यासारखा भ्यालेला उभा राहील. भ्यालेला माणूस कसा ओळखायचा, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? शिकव त्याला. हात मी सांगेन तेव्हा उचल."

तिने किती वेळ हात उचलू दिला नाही, ह्याबद्दल गावात वाद आहेत. धान्य वाळेपर्यंत, असं काही म्हातारे सांगतात. गो वस्ताद तोवर वारला होता. किल्लेदाराने सोकबोला ओळखलं, पण ह्या वेळी त्याला खोटं बोलायचं धैर्य झालं, म्हणे, आणि किल्ल्यावर पळालेला शिपाई म्हणून सोकबोचं नाव कधी कुणी काढलं नाही. सोकबोने मरेपर्यंत मैदानावर तालीम चालवली. नवं पोर आलं की तो आधी त्याच्या आईला बोलावणं धाडी.

आजही गामगोलच्या तालमीत आईवाचून मूल घेत नाहीत. वस्ताद कितीही नावाजलेला असो, त्या दिवशी त्याला धोंड्यासमोर गुडघे टेकावेच लागतात आणि तळवा सपाट टेकेपर्यंत आईच्या हाताखाली हात ठेवावाच लागतो. तो आपण होऊन हात काढू शकत नाही. आई त्याच्या डोळ्यांत बघत राहते, आणि तिचं मन भरलं की ती आपला हात उचलते.

दर वर्षी एखादी आई असंही करते, की बराच वेळ बघते, वस्तादाचा हात बाजूला करते आणि मुलाला घेऊन मुकाट्याने घरी जाते. तिला कुणी कारण विचारत नाही. वस्ताद तिला वाकून नमस्कार करतो आणि पुढच्या मुलासमोर गुडघे टेकतो.